पहिला दम

झुंबरबाई माळीण रागावली तरी हातातलं काम कधी खाली ठेवायची नाही. खुरपंही चालायचं आणि तोंडही. बांधावरून जाणाऱ्याला लांबूनच कळायचं, आज बाई कोणावर तापली आहे ते. गावातले लोक म्हणत, हिला चिलमीचं वेड लागलं आहे, ओढायचं नव्हे, विझवायचं. म्हणणारे हसायचे. हसू द्यावं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गाव मोताळ्यापासून कोसभर, नळगंगेच्या काठी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपुरातून निघायचे आणि या गावात पोचेपर्यंत शिळे व्हायचे. झुंबरबाईचा मळा लहान होता, एक विहीर, एक मोट, वांगी, मिरच्या, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. शिवाय कडेला झेंडू आणि शेवंती, कारण महादेवाच्या देवळात सोमवारचा हार माळ्याच्या घरून जायचा. नवरा पुंजाजी मऊ स्वभावाचा होता. कोणी चल म्हटलं की चालायचा, बस म्हटलं की बसायचा. दोन लेकरं गेल्यावर राहिलेला निवृत्ती हा एकच मुलगा, आणि त्याला देवानं गळा दिला होता. वाफ्यांना पाणी देताना तो गायला लागला की शेजारच्या मळ्यातली मोट थांबायची.

पण झुंबरबाईला त्याचा गवई करायचा नव्हता. तिला त्याचा मास्तर करायचा होता. मोताळ्याच्या बाजारात शाळेचे मास्तर वांगी घ्यायला यायचे, तेव्हा पाटलापासून सावकारापर्यंत सगळे त्यांना आधी रामराम करत. ते पाहिल्यापासून ती मास्तरांच्या पिशवीत न मागता सांबाराची एक जुडी टाकायची. निवृत्ती चौदा वर्षांचा होता आणि सातवीत होता. सातवी पास झाला की मास्तरकी मिळते, असं तिनं ऐकलं होतं, आणि सातवीपर्यंत पोरगं आणताना तिची कंबर वाकायची तेवढी वाकली होती.

एके दिवशी निवृत्तीच्या सदऱ्याला बिडीचा वास आला.

झालं! बाई हातातल्या खुरप्यासकट निघाली. निवृत्तीचा दोस्त शेषराव कापसाच्या जिनात सरकी वाहायचा, आणि जिनातली पोरं बिड्या ओढतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. शेषाच्या दारात उभं राहून तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेषा उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “मावशी, बिडी माही नव्हती. तुह्याच पोट्ट्यानं आनली. बाच्या कोपरीच्या खिशातून.”

“खोटं बोलतं का बे मेल्या?” म्हणत तिनं त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. पुंजाजीच्या खिशात बिड्या असायच्याच आणि निवृत्ती लहानपणापासून त्या चुलीवर पेटवून बापाला नेऊन द्यायचा. पण ती तर घरातली गोष्ट होती. घरातल्या गोष्टीला वाईट संगत कोण म्हणतं?

मग तिनं इलाज काढला. पोरगं वाईट संगतीत बिघडतं, तर त्याला चांगल्या संगतीत बसवावं. गावात हिंमतराव पाटलाच्या भजनी मंडळापेक्षा चांगली संगत कोणती होती? दर सोमवारी दिवेलागणीला महादेवाच्या देवळात जाजम पडायचं. पाटील मधोमध बसायचे, त्यांच्या दोन्ही बाजूंना गावातली जाणती माणसं. पुंजाजीही जायचा, झांज वाजवायला. पण तो जाजमाच्या टोकाला, चपलांपाशी बसायचा. त्याचा बापही तिथेच बसायचा.

झुंबरबाईनं एक नारळ घेतला, टोपलीभर वांगी घेतली आणि पोराला हाताला धरून पाटलाच्या ओसरीवर नेलं.

“पाटील जी, याले तुमच्या पदरात घाला. चार चांगल्या मान्साईत बसन त सुधरन.”

“हाव ना, बाई,” पाटील म्हणाले. “गोड गया हाये पोट्ट्याचा. देवाच्या कामी लागू दे.”

पहिल्याच सोमवारी निवृत्तीनं अभंग उचलला आणि देऊळ गप्प झालं. दुसऱ्या सोमवारी पाटलांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं, आणि मग पोराच्या बापाला चपलांपाशी कसं बसवायचं म्हणून पुंजाजीलाही वर बोलावलं. त्या रात्री पुंजाजी जेवताना चारदा म्हणाला, “पाटलाच्या मांडीले मांडी लावून बसलो मी, निवृत्तीचे माय.” झुंबरबाईनं त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. खोटं कशाला सांगावं, तिलाही फार बरं वाटलं होतं.

त्याच हिवाळ्यात तालुक्याहून पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ नशाबंदीचा प्रचार करायला आले. गावातून फेरी निघाली. पुढे भजनी मंडळ, मंडळाच्या पुढे निवृत्ती. ‘नशा सोडा, संसार जोडा’ असं तो सुरात म्हणायचा आणि मागून सगळं गाव. झुंबरबाईनं डोक्यावरची पाटी उतरवून पोराची दृष्ट काढली. फेरी देवळापाशी संपली, टोपीवाले गृहस्थ बैलांच्या दमणीत बसून गेले, आणि मंडळी दम खायला देवळात शिरली. दम कसला खाल्ला ते बाईला फार उशिरा कळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पोराचे डोळे लाल दिसायला लागले. झुंबरबाईनं मीठमोहऱ्या उतरवल्या. पोरगं कधी दोन माणसांचं जेवायचं, कधी ताटाकडे बघायचंही नाही. तिनं त्याला ओवा दिला. ते खोकायला लागलं. तिनं अडुळसा उकळून पाजला आणि शेषाच्या आईला पुन्हा एकदा बोल लावून आली. सगळे उपाय केले बाईनं, फक्त देवळाकडे बोट दाखवायचं तिच्या मनातही आलं नाही. मग एका बाजाराच्या दिवशी मास्तर वांगी निवडता निवडता म्हणाले, “बाई, निवृत्ती वर्गात झोपतो हल्ली. पाठ केलेलं विसरतो. काय करतो तो घरी?” तिनं सवयीनं सांबाराची जुडी उचलली होती, ती तशीच हातात राहिली.

सोमवारचा हार एरवी निवृत्तीच नेत असे. त्या सोमवारी तो घाईत विसरून गेला, म्हणून झुंबरबाई घेऊन गेली. भजन अजून सुरू व्हायचं होतं. ती खांबाआड पायरीवर थांबली, तो आत निवृत्ती बसला होता. पाटलांनी पुडी दिली. पोरानं गांजा तळहातावर घेऊन अंगठ्यानं मळला, काड्या वेचून टाकल्या, चिलमीत भरला, वर विस्तवाचा खडा ठेवला. फडकं पाण्यात बुडवून पिळलं, चिलमीच्या बुडाला गुंडाळलं. महादेवाचं नाव घेतलं, चिलीम दोन्ही मुठींत धरून कपाळाला लावली आणि छाती फुगेपर्यंत ओढली. निखारा लाल झाला. मग त्यानं ती खाली मान घालून, मोठ्या अदबीनं, पाटलांपुढे केली.

केवढी सफाई होती त्याच्या हातात! मेथीची जुडी कशी बांधायची हे झुंबरबाईनं त्याच हाताला शिकवलं होतं. हार तिथेच पायरीवर टाकून ती घरी आली.

पुंजाजी भजनाहून परतला तेव्हा ती दारातच बसली होती.

“तुमच्या डोयापुढे पोरगं गांजा वढते, अन् तुमी झांजा वाजवता?”

पुंजाजी खाली बसला. “मंडळातला रिवाज हाये थो. सगळ्याईत जो ल्हान, त्यानं पेटवाव. पेटवनाऱ्यानं पयला दम घ्याव, नाही त थे धरत नाही. मी बी ल्हान होतो तवा पेटवली.”

“मंग नाही म्हना.”

“नाही म्हनलं त उठा लागते जाजमावरून.” त्यानं काखेतली झांज खाली ठेवली. “चिलमीले जात नसते, निवृत्तीचे माय. एकाच चिलमीले पाटलाचं तोंड लागते अन् माहं बी. एरवी थो मले वट्ट्यावर तरी घेते का?”

या बोलण्यानं बाईला अधिकच संताप आला. नवरा वाईट असता तर भांडता आलं असतं. तो वाईट नव्हता. त्याला जन्मात एकदा बसायला चांगली जागा मिळाली होती आणि तिचं भाडं पोरगं भरत होतं.

तिनं पोराला विचारलं. आधी मारलं, मग विचारलं. तो म्हणाला, “समदेच वढतात, माय. मी नाही म्हनलो एक डाव, त सारे हासले. मायचं दूध पेते म्हने हा आजून.”

मग ती पाटलाच्या खळ्यावर गेली. हिंमतराव कापसाच्या गंजीपाशी उभे होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“झुंबरबाई, पोरगं बिडी पेत होतं तवा तूच आनून देल्लं का नाही माह्यापाशी? बिडी हे येसन हाये. हा त महादेवाचा परसाद. परसादाले नाही म्हनत नसतात.”

“मंग मास्तर काऊन म्हनतात का पोरगं झोपते?”

“मास्तर परमुलखातला. त्याले काय समजते?”

मोताळ्यात सरकारच्या ठेक्याचं गांजाचं दुकान होतं. तिथला ठेकेदार काही सज्जन नव्हता, पण लायसन जाईल या भीतीनं पोरासोरांना माल देत नसे. पोराला दुकानात मिळत नव्हता, तो देवळात मिळत होता. आणि दुकान वाईट होतं, देऊळ चांगलं! झुंबरबाई हे ज्याला त्याला सांगत सुटली. बायांनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. म्हाताऱ्या म्हणाल्या, पुरुषांच्या गोष्टी आहेत, वय आलं की सुटतं. कोणाचं सुटलं होतं हे मात्र कोणी सांगेना. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. भरीस भर म्हणजे आपल्याच हातानं पोरगं तिथे नेऊन बसवलं, हे तिच्या उरात काट्यासारखं होतं. पाटील खोटं कुठे बोलले होते? नारळ तिनंच दिला होता, वांगीही तिनंच.

शिवरात्रीच्या आधीच्या सोमवारी देऊळ भरलं होतं. झुंबरबाई हार घेऊन आली, हार पुजाऱ्याला दिला आणि पायरीवरच उभी राहिली. जाजमावर पुडी सुटली. निवृत्तीनं चिलीम भरली, फडकं पिळलं, चिलीम कपाळाला लावली. तेवढ्यात ती जाजम तुडवत आत आली आणि तिनं त्याच्या हातातून चिलीम काढून घेतली.

“बाई!” पाटील ओरडले.

“काऊन जी? सगळ्याईत जो ल्हान थो पेटवते, असाच रिवाज हाये ना? मंग बाईमानूस त मान्साहून ल्हानच. तुमीच सांगता. आज मी पेटवते.”

आणि तिनं ओढली. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण निखारा लाल झाला. मग पोरगा करायचा तशीच खाली मान घालून तिनं ती चिलीम पाटलांपुढे धरली.

चिलमीला जात नव्हती, पण बाईचं उष्टं तोंडाला लावणारा माणूस त्या जाजमावर एकही नव्हता. पाटलांनी हात मागे घेतला. त्यांच्या शेजाऱ्यानं मान फिरवली. ती एकेकापुढे चिलीम धरत टोकापर्यंत गेली, नवऱ्यापुढेही. पुंजाजी झांजेकडे बघत बसला. चिलीम तिच्या हातातच विझली. देवळातलं भजन त्या दिवशी झालंच नाही.

इथे गोष्ट संपवता आली असती तर किती बरं झालं असतं. बाई जिंकली, पोरगं सुधारलं, मास्तर झालं. पण तसं काही झालं नाही. मंडळाची चिलीम पाटलाच्या गोठ्यात गेली, एवढंच झालं. पुंजाजीला पुन्हा चपलांपाशी बसवलं. तो काही दिवस तिथे बसला, मग जायचाच बंद झाला, आणि घरात तिच्याशी पहिल्यासारखं बोलायचाही बंद झाला. निवृत्तीला गावातली पोरं “तुह्या मायनं भरून देल्ली का बे?” असं विचारून हैराण करायची. त्याला आपण त्यांच्यातलेच आहोत हे दाखवायचं होतं, आणि दाखवायला जागा एकच होती, गोठा. तो तिथे आधीपेक्षा जास्त जायला लागला. सातवीच्या परीक्षेला बसला आणि नापास झाला. पुन्हा बसलाच नाही. विशीत त्याचा गळा चिरका झाला. आता तो मोटेवर गायचा तेव्हा शेजारची मोट चालूच राहायची.

आणि ज्या शेषाला तिनं कानाखाली ठेवून दिली होती, तो जिनात मुकादम झाला. बिडी त्याची सुटली नाही, पण गांजाच्या वाटेला तो कधी गेला नाही. बाजारात दिसला की “मावशी, बरी हायेस ना?” विचारायचा, आणि झुंबरबाईला जमीन पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

तरी ती दर सोमवारी हार घेऊन जायची आणि भजन संपेपर्यंत पायरीवर बसून राहायची. ती बसलेली असली की देवळात चिलीम निघत नसे. लोक वैतागायचे. निवृत्ती तिच्या अंगावरून आत जायचा आणि बाहेर यायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही. याचा काय उपयोग, असं पुंजाजीनं मरण्याआधी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “काहीच नाही. मले घरी बसवत नाही, म्हनून जाते.”

मग तिचे गुडघे गेले. पायरीवर बसणं सुटलं. हार निवृत्तीचा मुलगा नेऊ लागला. त्याचं नाव भगवान. नऊ वर्षांचा, आणि गळा थेट बापाचा, बापाचा जुना. एका सोमवारी सून सहज म्हणाली, “आज भगवान भजनाले बसून राह्यला, आत्याबाई. पाटलानं बलावलं म्हने.”

झुंबरबाईनं काठी घेतली. देऊळ काही लांब नव्हतं, पण तिला ते लांब झालं होतं. वाटेभर ती स्वतःशी बडबडत होती, शिव्या देत होती, कोणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं. पायरीपाशी पोचली तेव्हा तिचा श्वास इतका चढला होता की तोंडातून शब्द फुटेना. आत जाजम तेच होतं. पाटलांचे दात गेले होते, मधली जागा तीच होती. त्यांच्या उजवीकडे निवृत्ती बसला होता. ती पायरीवर नसायची म्हणून चिलीम गोठ्यातून परत देवळात आली होती.

“भगवान्या, पेटव बे,” पाटील म्हणाले.

पोरानं आनंदानं फडकं पाण्यात बुडवलं. नातवाचे हात फडकं पिळत होते आणि झुंबरबाई काठीला धरून उभी होती. निवृत्ती स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. बापही असाच झांजेकडे बघत बसला होता, तिला आठवलं, आणि तिला वाटलं, आता इथेच पडावं आणि सुटावं.

भगवाननं चिलीम कपाळाला लावली. निवृत्तीनं मान वर केली. त्याला पायरीवरची आई दिसली. तो उठला, पोराच्या हातातून चिलीम काढून घेतली आणि सगळं जाजम ओलांडून पायरीपाशी आला.

“माय,” तो चिरक्या आवाजात म्हणाला, “तू पेटव.”

झुंबरबाईचा इतक्या वर्षांचा राग आला तसाच बाहेर पडला.

“तवा काऊन नाही आनून देल्ली बे, मेल्या? तवा काऊन नाही?”

चिलीम पुढे धरून तो उभा राहिला. तिनं ती घेतली, दोन्ही मुठींत धरली आणि होता नव्हता तेवढा श्वास एकवटून ओढली. खोकल्यानं ती दुमडली. निवृत्तीनं एका हातानं तिला सावरलं, दुसऱ्या हातानं तिच्या तोंडची चिलीम घेतली आणि परत जाऊन पाटलांपुढे धरली. ती कोणी घेतली नाही. विझेपर्यंत तो तशीच धरून उभा राहिला.

मग तो आपल्या जागी बसला नाही. त्यानं भगवानला हाताला धरून उठवलं, जाजमाच्या टोकाला आणलं आणि चपला बाजूला सारून त्याला तिथे बसवलं. म्हणाला, “गाय आता. इथून बी आयकू येते.”